इटली, नोव्हेंबर १९४३

पडद्यावर एक पाटी उमटते : इटली, नोव्हेंबर १९४३. आघाडीपासून थोड्याच अंतरावर एक तात्पुरता रंगमंच उभारलेला असतो आणि त्यावर तांबडा-पांढरा-निळा घट्ट पोशाख घातलेला एक धिप्पाड तरुण समोर बसलेल्या थकल्याभागल्या सैनिकांना हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारण्यासाठी साद घालत असतो. सैनिक हुर्यो करतात, नाचणाऱ्या मुलींना परत बोलवा म्हणून ओरडतात. पुढच्या प्रसंगात पाऊस पडतो आहे आणि तोच तरुण मंचाच्या आडोशाला बसून वहीत एका नाचणाऱ्या माकडाचे चित्र काढतो आहे. ते माकड म्हणजे तो स्वतः. 'कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर' हा चित्रपट मी २०११ साली पुण्यात, तेव्हा शाळेत असलेल्या भाच्याबरोबर पाहिला आणि पाटीवरचा तो महिना वाचताच माझे लक्ष चित्रपटावरून उडून भलतीकडेच गेले.

ते गेले आजोळी. साताऱ्याजवळच्या आमच्या आजोळच्या खेड्यात, शेजारच्या घरी, दुसऱ्या महायुद्धातून परतलेले एक वृद्ध गृहस्थ राहत असत. आम्ही मुले त्यांना सुभेदारआबा म्हणत असू; ते खरोखर सुभेदारपदापर्यंत पोहोचले होते की गावाने त्यांना परस्पर बढती दिली होती, हे विचारण्याचे आम्हांला कधी सुचले नाही. आबा भुताखेतांच्या गोष्टी फार रंगवून सांगत. ओढ्याकाठचा खवीस, पिंपळावरचा मुंजा, रात्री बैलगाडीच्या मागून चालत येणारी आणि वळून पाहिले की नाहीशी होणारी बाई, हे सगळे त्यांच्या तोंडून ऐकताना आमची बोबडी वळत असे. मात्र लढाईची गोष्ट सांगा म्हटले की त्यांचे उत्तर एका वाक्यात संपायचे : "इटली म्हणजे चिखल, पोरांनो. खेचरसुद्धा बसायचं त्यात." मोठे झाल्यावर मी मराठा पलटणीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले, की नोव्हेंबर १९४३ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ सांग्रो नदीवर होती, मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक बटालियन तिच्यात होती, आणि त्या महिन्यातल्या पावसाने नदीला असा पूर आला होता की बांधलेले पूल वाहून जात होते. चित्रपटातला महिना आणि आबांच्या चिखलाचा हंगाम एकच होता.

चित्रपटगृहातून बाहेर पडताना मी भाच्याला बरेच काही सुनावले. युद्ध असे नसते, तिथे निळे किरण सोडणाऱ्या बंदुका नव्हत्या, माणसे अशी धूर होऊन नाहीशी होत नाहीत, त्या काळच्या अमेरिकन सैन्यात काळे आणि गोरे एका तुकडीत नव्हते, वगैरे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, त्याने फेकलेली ढाल भिंतीवर आपटून परत हातात येते, ते तुला चाललं. मग चिखलाचं काय घेऊन बसलास?"

प्रश्न उद्धट होता, पण चोख होता. तेव्हा मी त्याला उत्तर दिले नाही. ढालीबद्दल चित्रपटाने माझ्याशी आधीच करार केलेला असतो, हे उत्तर मला पुढे काही दिवसांनी सुचले. एका किडकिडीत पोराला औषध टोचले आणि तो महाबली झाला, एवढे मान्य करा, बाकीचे जग तुमच्या ओळखीचेच राहील, असा तो करार असतो, आणि म्हणून त्या बाकीच्या जगाचा हिशेब मागण्याचा हक्क प्रेक्षकाकडे राहतो. हे उत्तर मला बरीच वर्षे पुरले. अलीकडे मात्र युद्धकाळातले दोन-तीन महानायकपट पुन्हा पाहिले आणि ते उत्तर अपुरे वाटू लागले. बारीकसारीक तपशील बिनचूक असूनही चित्रपट युद्धाबद्दल मोठे खोटे बोलू शकतो, आणि सर्वस्वी अशक्य गोष्ट दाखवतानाच तो क्वचित एखादी फार खरी गोष्ट बोलून जातो. तो सीमेचा दगड नेमका कुठे रोवलेला आहे, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

मुळात हा नायक जन्माला आला तेव्हा इतिहासच त्याच्या मागून चालत होता. 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'चा पहिला अंक १९४० च्या डिसेंबरात विक्रीला आला. त्यावर छापलेली तारीख मार्च १९४१ ची होती. मुखपृष्ठावर हा नायक हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना दाखवला होता. पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यानंतर वर्षभराने, ७ डिसेंबर १९४१ रोजी झाला. म्हणजे अंक निघाला तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती आणि युद्धात पडूच नये असे मानणारे लोक तिथे मोठ्या संख्येने होते. तो ठोसा ज्यांनी रेखाटला ते ज्यो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू होते. कर्बीचे मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला, ऑस्ट्रियाहून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा. अंक निघाल्यावर त्यांना धमक्या आल्या आणि त्यांच्या कचेरीवर पोलिसांचा पहारा बसवावा लागला. त्या मुखपृष्ठाला मनोरंजनासाठी केलेली कल्पनेची भरारी म्हणणे मला जड जाते, कारण सरकार जे करायला तयार नव्हते ते दोन तरुणांनी कागदावर करून टाकले होते आणि त्यासाठी त्यांना खऱ्याखुऱ्या धमक्या सोसाव्या लागल्या होत्या.

याच काळात सुपरमॅनच्या निर्मात्यांपुढे याहून अवघड पेच उभा होता. त्यांचा नायक तर विमानाहून वेगाने उडणारा, गोळ्या छातीवर झेलणारा. मग तो युरोपात जाऊन एका दुपारी युद्ध संपवत का नाही? १९४० च्या फेब्रुवारीत 'लुक' मासिकासाठी त्यांनी दोन पानांत तेही करून पाहिले. सुपरमॅन हिटलरला आणि स्टालिनला मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो आणि प्रकरण मिटते. पण अमेरिका प्रत्यक्ष युद्धात उतरल्यावर, घरोघरची मुले आघाडीवर निघाल्यावर, असले काही छापणे शक्यच नव्हते. ज्या आईचा मुलगा पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर पडला आहे तिच्या स्वयंपाकघरातल्या वर्तमानपत्रात कोणी चुटकीसरशी जपानला लोळवतो आहे, हे चित्र क्रूर झाले असते. म्हणून १९४२ च्या चित्रपट्टीत त्यांनी एक मासलेवाईक तोड काढली. क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन, सैन्यभरतीसाठी जातो, डोळ्यांच्या तपासणीत त्याची भेदक नजर भिंतीपार जाते, तो शेजारच्या खोलीतल्या तक्त्यावरची अक्षरे वाचून दाखवतो आणि नजर अधू म्हणून नापास होतो. पृथ्वीवरचा सर्वांत बलवान पुरुष भरतीला नालायक ठरतो! मला ही युक्ती विनोदी वाटते तितकीच शालीनही वाटते. युद्ध खऱ्या माणसांना लढायचे आहे हे ओळखून कल्पनेने आपण होऊन एक पाऊल मागे घेतले होते.

२०११ च्या चित्रपटात या शालीनतेचा अंश आहे, पण तो पहिल्या अर्ध्या भागातच. औषधाने बलदंड झालेल्या स्टीव्ह रॉजर्सला सरकार आघाडीवर न पाठवता युद्धरोखे विकायला गावोगाव फिरवते. तो रोज संध्याकाळी रंगमंचावर हिटलरचे सोंग घेतलेल्या एका नटाला ठोसा मारतो, टाळ्या घेतो, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात तेच करतो. म्हणजे १९४१ चे ते मुखपृष्ठ इथे नाटकातला एक प्रवेश होऊन बसते. अमेरिकन सरकारने खरोखरच सिनेनट, गायक, खेळाडू आणि आघाडीवरून परत आणलेले शूर सैनिक यांना असे फिरवून रोखे विकले होते. वीराचे युद्धातले काम आणि वीराच्या प्रतिमेचे बाजारातले काम ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या देशाला चांगले ठाऊक होते. चित्रपटातला हा दहा-बारा मिनिटांचा भाग मला त्यातला सर्वांत ऐतिहासिक भाग वाटतो, गाण्याबजावणीसकट.

पुढे मात्र हायड्रा येते. हायड्रा ही चित्रपटातल्या खलनायकाची, रेड स्कलची, खासगी संघटना. तिचे सैनिक काळे मुखवटे घालतात, नॉर्स देवांच्या खजिन्यातून मिळालेल्या एका घनाची ऊर्जा बंदुकांत भरतात, आणि त्या बंदुकीचा फटका बसलेला माणूस निळसर ठिणग्या होऊन नाहीसा होतो. रक्त नाही, प्रेत नाही, पुरायला काही नाही. हिटलरचा निकटचा सहकारी हिमलर याच्या आश्रयाखाली १९३५ साली स्थापन झालेली 'आनेनएर्बे' नावाची एक संस्था आर्य पूर्वजांच्या पुराव्यांसाठी खरोखरच जगभर धुंडाळत होती आणि हिमलरच्याच आश्रयाने एक तुकडी तिबेटपर्यंत जाऊन आली होती, तेव्हा प्राचीन अवशेषांच्या मागे लागलेला नाझी ही कल्पना अगदीच हवेतली नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हायड्रा हळूहळू नाझींपासून फुटते, हिटलरच्या अधिकाऱ्यांनाच ठार करते, आणि शेवटी तिच्या हल्ल्याच्या नकाशावर खुद्द बर्लिनही असते. पुढच्या युद्धातून स्वस्तिक जवळजवळ दिसेनासे होते. ज्या राजवटीने कायदे करून, वेळापत्रके आखून, आगगाड्या भरून लाखो माणसे मारली तिचे सगळे पाप एका लाल कवटीच्या माथेफिरूवर आणि त्याच्या मुखवटेधारी फौजेवर ढकलले जाते. त्याच चित्रपटात जर्मनीतून पळून आलेला शास्त्रज्ञ अर्स्किन एका रात्री रॉजर्सला सांगतो, की नाझींनी सर्वांत आधी जो देश जिंकून घेतला तो त्यांचा स्वतःचाच होता, हे लोक विसरतात. इतके जाणते वाक्य लिहिणाऱ्यांनी पुढच्या तासाभरात ते पार गुंडाळून ठेवावे याचे मला वाईट वाटते.

आणखी एक जागा आहे, ती दहा सेकंदांचीसुद्धा नसेल. हायड्राच्या कारखान्यातून रॉजर्स युद्धकैद्यांना सोडवतो तेव्हा त्यांतला एक गोरा सैनिक जपानी चेहऱ्याच्या सहकैद्याकडे पाहून म्हणतो, की आता काय, सगळ्यांनाच बरोबर घ्यायचे का? तो आपला सैनिकी बिल्ला पुढे करून उत्तर देतो, की मी फ्रेस्नोचा आहे. प्रेक्षक हसतात आणि प्रसंग पुढे सरकतो. पण १९४२ साली कॅलिफोर्नियातल्या याच फ्रेस्नोच्या जत्रेच्या मैदानावर अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या कुटुंबांना डांबण्यासाठी छावणी उभारली होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे-दुकाने सोडून काटेरी तारांमागे जावे लागले आणि त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये फ्रेस्नोचा तो तरुण इटलीत लढत असता तर त्याचे आईवडील बहुधा पहाऱ्याच्या मनोऱ्याखाली राहत असते. तो स्वतःही जपानी वंशाच्या सैनिकांच्या वेगळ्या बटालियनमध्ये असता. तशी एक बटालियन १९४३ च्या सप्टेंबरात खरोखरच इटलीत उतरली होती. काळ्या सैनिकांच्या तुकड्याही वेगळ्याच होत्या, आणि हा भेद मोडण्याचा आदेश निघायला जुलै १९४८ उजाडावा लागला. चित्रपटाने सगळ्या वर्णांची माणसे एका खाणावळीच्या टेबलाभोवती बसवून त्यांच्या हाती बिअरचे पेले दिले, त्यामागचा हेतू चांगला आहे हे मला दिसते. पण ही अशी कल्पना आहे की जिच्याबद्दल करार झालेला नाही. ढाल परत येते हे खोटे आहे, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते. ते टेबल खोटे आहे, हे त्याला कोण सांगणार?

आणि त्या टेबलावर इंग्रज आहे, फ्रेंच आहे, भारतीय मात्र नाही. यात रुसण्यासारखे काही नाही, ती अमेरिकनांनी स्वतःसाठी रचलेली कथा आहे. पण इटलीच्या आघाडीवर भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन लढल्या, त्यांतले पाच हजारांहून अधिक सैनिक तिथे पडले आणि सहा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सहांपैकी दोघे मराठा पलटणीचे होते. पहिले नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या हाताखालचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत सुटले. त्यांनी हातबाँब टाकून गन आणि तिचा गोलंदाज निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरायला वेळ नाही असे दिसताच उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. दुसरे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर काढले, मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी नष्ट केली. वाटेत हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना तेव्हा हातबाँब वापरले, आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून मराठा पलटणीची आरोळी देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले.

हे दोन्ही प्रसंग जसेच्या तसे पडद्यावर आणले, तर मीच खुर्चीत चुळबुळ करत म्हणेन, की हे जरा अतीच झाले. अमेरिकेतल्या ऑडी मर्फीची गोष्टही अशीच आहे. स्टीव्ह रॉजर्ससारखाच किडकिडीत, जेमतेम साडेपाच फुटांचा, मरीन दलाने परत पाठवलेला हा पोरगा २६ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समध्ये एका पेटलेल्या रणगाडाविरोधी वाहनावर चढला आणि त्यावरच्या मशीनगनने त्याने एकट्याने जर्मन हल्ला रोखून धरला. पुढे तो चित्रपटांत नट झाला, १९५५ साली पडद्यावर स्वतःचीच भूमिका त्याने केली, आणि उरलेले आयुष्य तो उशाखाली भरलेले पिस्तूल ठेवून झोपत असे. तेव्हा एकट्याने शंभरांना भिडणे ही महानायकपटांची थाप आहे, असे मी त्या दिवशी भाच्याला सांगितले ते चूकच होते. इतिहासात माणसे एकटी भिडली आहेत. थाप दुसरीकडे आहे. घाडग्यांनी ती गन बंद पाडली आणि इटलीतले युद्ध त्यानंतर दहा महिने चालले. त्यांचे थडगेही सापडत नाही. इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशांच्या नावांत त्यांचे नाव आहे, आणि पुतळा माणगावला आहे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. युद्धात अद्भुत आणणारा हॉलिवुड हा काही पहिला नव्हे, खंदकातली माणसे ते आधीपासून करत आली आहेत. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या मॉन्सच्या लढाईतून ब्रिटिश फौज माघार घेत होती. पुढच्याच महिन्यात लंडनच्या एका वृत्तपत्रात एक काल्पनिक कथा छापून आली, की शेकडो वर्षांपूर्वीचे इंग्रज तिरंदाज आकाशात प्रकटले आणि त्यांनी जर्मनांना रोखले. बघता बघता तिरंदाजांचे देवदूत झाले, ते प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारी माणसे पुढे आली, आणि ही गोष्ट मी मनाने रचली आहे असे लेखक कानीकपाळी ओरडत राहिला तरी कोणी त्याचे ऐकेना. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्याच्या राजकारणात किती वर्षे घोळत राहिला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे आश्चर्य वाटू नये. पानिपताच्या त्या सुप्रसिद्ध सांकेतिक निरोपात मोती आणि मोहरा मोजल्या होत्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याला गणतीच नव्हती. महानायकपट सामान्यतः मोहरांवरच थांबतो.

पहिल्या महायुद्धाच्या त्या खंदकांत घडणारा एक महानायकपट खुर्द्यापर्यंत पोहोचता पोहोचता राहिला. २०१७ चा 'वंडर वूमन'. मूळ कॉमिक्समधली ही नायिका १९४१ ची, दुसऱ्या महायुद्धातली. चित्रपटाने तिला उचलून १९१८ च्या बेल्जियममध्ये आणले. मला ही निवड धाडसी वाटली, कारण दुसऱ्या महायुद्धात सज्जन-दुर्जनांची वाटणी सोपी जाते आणि पहिल्यात ती करताना इतिहासकारांचीही दमछाक होते. ही नायिका, डायना, अशा समजुतीने आलेली आहे, की युद्धदेव अ‍ॅरिस माणसांच्या मनात विष कालवतो आणि त्याला मारले की युद्ध थांबेल. दोन खंदकांच्या मधल्या ओसाड पट्ट्यातून ती एकटी चालत निघते, गोळ्या मनगटांवरच्या कड्यांनी परतवते, मशीनगनचा मारा ढालीवर झेलते, मागून सैनिक धावतात आणि वेल्ड नावाचे गाव मुक्त होते. रात्री गावात नाच होतो, बर्फ पडते, सगळ्यांचा एकत्र फोटो काढला जातो. त्यानंतर जर्मन विषारी वायूचे गोळे त्याच गावावर टाकतात. डायना नारिंगी धुरात शिरते. तिला काही होत नाही, ती अमर आहे. पण ज्यांना तिने काल वाचवले त्यांच्यापैकी कोणीही जिवंत नसते.

गोळी अडवता येते, वायू अडवता येत नाही. मला आठवते, की या प्रसंगात मी पहिल्यांदाच त्या नायिकेच्या शक्तीवर पूर्ण विश्वास ठेवला, कारण ती कमी पडली. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ क्लोरीनचा हिरवट-पिवळा लोट आला आणि चारच दिवसांनी तिथे घाईने आणलेल्या, भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनच्या जवानांवरही तो आला, तेव्हा शौर्याचा असाच काही उपयोग उरला नव्हता. शूर आणि भित्रा सारखेच गुदमरले. चित्रपटात मात्र जर्मनांसाठी वायू बनवणारी एक विद्रूप चेहऱ्याची स्त्री आहे आणि वायू फक्त जर्मनांकडेच आहे. प्रत्यक्षात ब्रिटिशांनी १९१५ च्या सप्टेंबरातच लूसच्या लढाईत तो सोडला होता आणि वारा फिरल्यामुळे काही ठिकाणी तो त्यांच्याच खंदकांवर परत आला होता. वारा पक्ष पाहत नाही, हे दाखवण्याची संधी त्यांनी दवडली.

त्याहून मोठी संधी लुडेनडॉर्फची. एरिख लुडेनडॉर्फ हा खरा जर्मन सेनानी. चित्रपटात तोच अ‍ॅरिस आहे असे समजून डायना १९१८ च्या नोव्हेंबरात त्याला तलवारीने भोसकते. आणि मग ती खाली पाहते, तर सैनिक पूर्वीसारखेच वायूच्या टाक्या विमानात चढवत असतात. युद्ध थांबत नाही. तिला कळेना होते, की देव मेला तरी ही माणसे हे का करत आहेत? माझ्या मते चित्रपट इथेच संपायला हवा होता, किंवा निदान या प्रश्नाबरोबर तिला आणखी अर्धा तास राहू द्यायला हवे होते. पण दहा मिनिटांत खरा अ‍ॅरिस प्रकटतो, विजा कडाडतात, रणगाडे उडतात, तो मरतो, आणि पहाट झाल्यावर तेच जर्मन सैनिक मुखवटे काढून शत्रूला मिठ्या मारतात. अ‍ॅरिस स्वतः सांगतो, की मी फक्त कल्पना कुजबुजतो, करणारी माणसेच. पण त्याच्या मरणानंतरच्या त्या मिठ्या त्याला खोटे पाडतात.

खरा लुडेनडॉर्फ १९१८ साली मेला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस पद गेल्यावर तो वेषांतर करून स्वीडनला निघून गेला, आणि परत येऊन जर्मन सैन्य रणांगणावर हरलेच नाही, देशातल्या लोकांनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला, ही दंतकथा पसरवू लागला. १९२३ च्या नोव्हेंबरात म्युनिकच्या फसलेल्या उठावात तो हिटलरच्या बरोबरीने चालला. मेला तो १९३७ साली, आजारपणात, आणि हिटलरने त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. चित्रपटाने त्याला तलवारीने मारून एक खलनायक संपवला खरा, पण एका युद्धाच्या पोटातून दुसरे कसे जन्मले याचा जिवंत धागाच त्याबरोबर कापला. आणि त्या मिठ्यांविषयी बोलायचे तर, ११ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, अकरा वाजता बंदुका थांबणार हे ठरले, आणि सह्या झाल्यापासून अकरा वाजेपर्यंतही तोफा चालू राहिल्या. त्या एका दिवशी दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २,७०० सैनिक मेले. बाल्टिमोरचा हेन्री गुंथर दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी जर्मन मशीनगनच्या दिशेने धावला आणि पडला. जर्मन त्याला मागे फिर म्हणून हातवारे करत होते. कुठल्याही देवाने कुजबुज न करता हे घडले.

माझ्या पाहण्यातला सर्वांत प्रामाणिक महानायक-प्रसंग मात्र युद्धपट म्हणवून न घेणाऱ्या चित्रपटात आहे. २००० सालचा 'एक्स-मेन' पोलंडमध्ये, १९४४ साली, भर पावसात आउशवित्झच्या फाटकाशी सुरू होतो. छातीवर पिवळा तारा शिवलेल्या एका मुलाला आईवडिलांपासून तोडून वेगळ्या रांगेत नेले जाते. फाटक बंद होते. मुलगा त्याकडे हात पसरून किंचाळतो, चार सैनिक त्याला मागे खेचत असताना त्यांच्यासकट पुढे ओढला जातो, आणि लोखंडी फाटक वाकू लागते. मग एक सैनिक त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घालतो. एवढेच. फाटक वाकलेले राहते, आईवडील दिसेनासे होतात. लोखंड वाकवण्याची शक्ती असलेला मुलगाही आउशवित्झ थांबवू शकला नाही, असे ते दृश्य सांगते. तिथे इतिहासातला एकही मृत कमी होत नाही, कोणाला खोटा दिलासा मिळत नाही, आणि अद्भुत नसते तर जे दिसले नसते ते दिसते. त्या फाटकाशी हात पसरलेल्या हजारो मुलांच्या मनात काय असेल, ते वाकलेल्या लोखंडात उमटते. मला हवी असलेली सीमा बहुधा इथे आहे. नायकाला हवी तेवढी शक्ती द्या, मात्र जे झाले ते तिने पुसले जाता कामा नये.

शेवटी पुन्हा जॅक कर्बीकडे येतो. हिटलरला ठोसा रेखाटणारा हा माणूस १९४३ साली सैन्यात भरती झाला आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. हा कॉमिक्स काढणारा चित्रकार आहे असे कळल्यावर एका अधिकाऱ्याने त्याला शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे आणि रेखाटने काढण्यासाठी तुकडीच्या पुढे पाठवायला सुरुवात केली. एकटे पुढे जायचे, पाहायचे, काढायचे, परत यायचे. चित्रपटात रॉजर्सच्या हाती वही आणि पेन्सिल पाहिली की मला कर्बीच आठवतो. त्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या मेत्झच्या परिसरात, उघड्यावर, ओल्या बुटांत राहून त्याचे पाय गोठले. त्याला लंडनच्या इस्पितळात हलवावे लागले, पाय कापावे लागतील की काय अशी वेळ आली होती, पण ते वाचले.

वीस वर्षांनी, १९६४ साली, बंद पडलेल्या कॅप्टन अमेरिकाला 'द अ‍ॅव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात परत आणायचे ठरले. संहितेवर स्टॅन ली यांचे नाव आहे, चित्रे कर्बीची. इतकी वर्षे नायक होता कुठे? तर बर्फात, युद्धाच्या अखेरीस गोठून पडलेला. २०११ च्या चित्रपटातही तो गोठतो आणि सत्तरएक वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जागा होतो, तेव्हा रस्त्यावर उभा राहून हळहळतो, की एका मुलीला भेटायचे ठरले होते. प्रेक्षागृहात त्या वाक्याला एक गोड सुस्कारा उमटला होता. कर्बीने काढलेल्या पानावर तो निराळाच जागा होतो. शुद्ध येताच तो ताडकन उठतो आणि स्फोटात गेलेल्या आपल्या कोवळ्या साथीदाराच्या नावाने ओरडू लागतो, आणि भोवती उभ्या असलेल्या, हातोडा उचलणाऱ्या आणि चिलखत घालून उडणाऱ्या महाबलींपैकी कोणालाही क्षणभर काय करावे ते कळत नाही.